शू बदलण्याआधी ट्रिम बघा: नायट्रो गाडीचा जळणारा क्लच आणि तापणारं इंजिन

सेलूच्या एका मित्रानं त्याच्या गाडीची हकिगत लिहून पाठवली आहे. रिमोटवर चालणारी, मिथेनॉल-नायट्रोच्या इंधनावरची १/८ मापाची मॉडेल गाडी, म्हणजे नायट्रो बगी, ३.५ सीसी इंजिन, दिवाळीनंतर जुनी म्हणून घेतलेली. थंडीत उत्तम चालली. मार्च लागला तसं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, बंद पडायला लागलं, म्हणून त्यानं आयडलचा स्क्रू आत घेतला. मग गाडी उभ्या उभ्या पुढं सरकायला लागली, म्हणून ट्रान्समीटरवरची (हातातल्या रिमोटवरची) थ्रॉटल ट्रिम, म्हणजे ट्रिगर मोकळा असताना थ्रॉटल-ब्रेक कुठं राहील ते ठरवणारं बटण, ब्रेककडं घेतली. त्यानंतर दोन महिन्यांत क्लचच्या शूचे (घासून पकडणाऱ्या तुकड्यांचे) तीन सेट संपले, त्यांच्यावरची वाटी म्हणजे बेल निळी पडली, एकदा बेलची बेअरिंग फुटली; बेअरिंग खराब निघाली म्हणून तो विकणाऱ्याला दोष देतो. इंजिन दहा मिनिटांत १४० अंश सेल्सिअसवर जातं. ते थंड राहावं म्हणून हाय स्पीड निडल (पूर्ण थ्रॉटलला इंधन किती यावं ते ठरवणारा स्क्रू) अर्धा फेरा उघडली, तरी फरक नाही. मधे वेगासाठी १३ दातांच्या जागी १५ दातांची बेलही बसवली आहे. गाडी गावाबाहेरच्या मैदानावर आणि कधी नांगरलेल्या रानाच्या कडेनं चालते. विकणारा म्हणतो इंजिन बदला, दुसरा एक जण म्हणतो कडक स्प्रिंग टाका. नक्की काय करू, असा प्रश्न आहे.

भाऊ, इंजिन बदलू नका. कडक स्प्रिंगही आत्ताच टाकू नका. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, पण ट्रिमचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि माझ्या मते सगळा आजार तिथंच आहे. तुम्ही गाडी थांबवली नाहीये. तुम्ही चाकं धरून ठेवली आहेत आणि इंजिन आतून ढकलतच आहे. त्या दोघांच्या मधे जो अडकलाय तो क्लच.

हा क्लच कसा चालतो ते तुम्ही शेतात पाहिलेलं असेल. सोयाबीनच्या काठचं गवत कापायचं टू स्ट्रोक ग्रास कटर घ्या. इंजिन चालू असतं, पातं थांबलेलं असतं. रेस दिली की आतले शू बाहेर फेकले जातात, भोवतीच्या वाटीला चिकटतात आणि पातं फिरतं. आपल्या बगीत तीच रचना लहान झालेली आहे. फ्लायव्हीलवर तीन पिना, तीन पिनांवर तीन शू, प्रत्येक शूला आत ओढून धरणारी एक स्प्रिंग, आणि वरून झाकणारी बेल. बेलच्या टोकालाच पिनियनचे, म्हणजे लहान गियरचे, दात, ते चाकांकडं जोर नेणाऱ्या मोठ्या स्पर गियरला लागतात. शू बाहेर फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गानं वाढतो, म्हणजे आरपीएम दुप्पट झाली की जोर चौपट. म्हणून आयडल थोडासाच वाढला असं आपल्याला वाटतं, पण शूच्या दृष्टीनं तो थोडा नसतो. स्प्रिंगनं जेमतेम आत धरलेला शू तेवढ्यानं बेलला टेकतो आणि घासत राहतो.

घासण्यातून किती उष्णता निघते याचा हिशोब एकदा मांडून बघा. क्लचवर ०.३ न्यूटन मीटर टॉर्क आहे आणि शू व बेल यांच्या वेगात १०,००० आरपीएमचा फरक आहे असं धरलं, तर सुमारे ३०० वॅट उष्णता तयार होते. आपल्या बाकावरचा सोल्डरिंगचा साधा गन २५ ते ३५ वॅटचा असतो, असे दहा गन एकाच जागी लावल्यासारखं. बेल तीसेक ग्रॅम पोलादाची धरली आणि निम्मी उष्णता शूमध्ये गेली असं मानलं, तरी बेलचं तापमान सेकंदाला दहा अंशांनी चढतं. पूर्ण थ्रॉटलला क्लच सटकला तर ही अवस्था येते. तुमच्यासारखी आयडलला ब्रेक धरून घसट चालू असेल तर वॅट पुष्कळ कमी असतील, पण ती घसट थांबतच नाही. वळणावर थ्रॉटल सोडला की चालू, गाडी उचलून हातात धरली की चालू, मित्राशी बोलत उभे राहिलात तरी चालूच.

मी वाळूजला टूल रूममध्ये काम करतो, त्यामुळं निळं पोलाद दिसलं की मला आधी आकडा दिसतो. घासून चकचकीत केलेलं पोलाद तापवलं की त्यावर रंग चढतात, ते ठरलेले असतात. सुमारे २२० अंशांना फिकट गवती पिवळा, २५५ ते २६५ च्या आसपास तपकिरी, २८० च्या सुमारास जांभळा, ३०० ला निळा. मिश्रधातू आणि वेळ यानुसार थोडं इकडं तिकडं होतं, पण साधारण हेच. म्हणजे तुमची बेल केव्हातरी ३०० अंशांच्या घरात जाऊन आली आहे. बेअरिंगमधलं साधं ग्रीस त्या तापमानाला टिकत नाही, जळून त्याची खरपुडी होते. बेअरिंग खराब निघाली म्हणून तुम्ही विकणाऱ्याला दोष दिलाय, तो मला पटत नाही. कुठलीही चांगली बेअरिंग तिथं मेली असती.

स्प्रिंगचंही तेच. पोलादाची स्प्रिंग वारंवार तापली की तिचा ताण उतरतो. उतरलेली स्प्रिंग शूला कमी आरपीएमलाच सोडून देते, मग गाडी आणखी सरकते, तुम्ही ट्रिम आणखी ब्रेककडं घेता, बेल आणखी तापते. तीन सेट असेच गेले. तिसऱ्या सेटसोबत जुन्याच स्प्रिंगा वापरल्या असतील तर नवा शू पहिल्या टाकीपासूनच घासायला लागला असणार.

आता मूळ गोष्ट. थंडीत जे इंजिन नीट आयडल धरत होतं ते मार्चमध्ये बंद का पडायला लागलं? इथं बहुतेक लोक चुकतात आणि त्यांचा दोष नाही, कारण ही गोष्ट उलटी वाटते. आपल्याकडं डिसेंबरात पहाटे १२ अंश असतं, मे महिन्यात दुपारी ४२. तेवढ्या फरकानं हवा साडेनऊ टक्क्यांनी विरळ होते. कार्ब्युरेटर तेवढ्याच उघडीतून कमी वजनाची हवा ओढतो, इंधन मात्र जवळपास पूर्वीइतकंच येतं. म्हणजे थंडीत बरोबर लावलेली निडल उन्हाळ्यात आपोआप रिच होते, म्हणजे हवेच्या मानानं इंधन जास्त होतं. आयडलला इंधन जास्त झालं की इंजिन भरून येतं, गुरगुरतं आणि बंद पडतं. त्या वेळी लो स्पीड निडल, म्हणजे आयडलचं इंधन ठरवणारा स्क्रू, थोडी आत घ्यायला हवी होती. तुम्ही आयडलचा स्क्रू आत घेतलात आणि पुढची सगळी साखळी तिथून सुरू झाली.

याच्या उलट, आत्ता मे महिन्यात नीट लावलेलं इंजिन नोव्हेंबरातल्या थंड सकाळी तसंच पळवलं तर ते लीन होतं, म्हणजे हवेच्या मानानं इंधन कमी पडतं, आणि तापतं. थंडी आहे म्हणून इंजिन थंड राहील असं गृहीत धरून मी एका पिस्टनची पुरती वाट लावलेली आहे, म्हणून हे कळकळीनं सांगतो. ऋतू बदलला की निडल बदला. तीही घड्याळाच्या एका तासाइतकी, म्हणजे फेऱ्याचा बारावा भाग, एकदा फिरवायची, दोन-तीन चकरा मारायच्या आणि मग पुढचं ठरवायचं. अर्धा फेरा एकदम कधीच नाही.

उन्हाळ्यात इंजिन जास्त गरम दिसतं त्याचं कारण वेगळं आहे. इंजिनच्या डोक्यावरच्या, म्हणजे हेडच्या, पात्या उष्णता फेकतात ती हेड आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर. हेड ११० अंशांवर असेल तर १२ अंशांच्या हवेत तो फरक ९८ चा असतो, ४२ च्या हवेत फक्त ६८ चा. तेवढ्याच तापमानाला पात्या जवळजवळ एक तृतीयांश कमी उष्णता टाकतात. म्हणून आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये दहा-बारा अंश जास्त दिसले तर मी घाबरत नाही. ३.५ सीसीला ग्लो प्लगपाशी (हेडमधला इंधन पेटवणारा प्लग) १०० ते १२५ पर्यंत मला चालतं. १४० मला कुठल्याच महिन्यात चालत नाही.

आणि तुमचा १४० हा आकडा बोलका आहे. हाय स्पीड निडल अर्धा फेरा उघडल्यावर निरोगी इंजिन सहसा थंड पडतं, धूर सोडतं, ढेपाळतं. तुमचं तापमान उतरलंच नाही. म्हणजे उष्णता मिश्रणातून येत नाहीये, किंवा कुठून तरी जादा हवा आत शिरतेय. मला पहिली शक्यता जास्त वाटते. क्लच सटकत असला की इंजिन किंचाळतं पण गाडी तेवढी पळत नाही. इंजिन भरपूर इंधन जाळतं, गाडीला वेग नसल्यानं हेडवर वारा येत नाही, आणि तापलेली बेल ज्या क्रँकच्या टोकावर बसली आहे तिथून उष्णता मागं पुढच्या बेअरिंगकडं जाते. त्यात १५ दातांची बेल. स्पर गियर ४६ दातांचा धरला तर १३ दातांवर गुणोत्तर ३.५४ येतं, १५ दातांवर ३.०७. तीच गाडी तशीच ढकलायला क्लचवर १५ टक्के जास्त भार. सपाट डांबरावर लांब सरळ पट्टा असेल तर त्याचा उपयोग आहे. नांगरलेल्या काळ्या मातीत, ढेकळांवरून, त्याचा उपयोग फक्त क्लच जाळायला होतो.

माझे वडील जालन्याला लुना दुरुस्त करायचे. लुनातही असाच आपोआप धरणारा क्लच. माझी पहिली बगी घेतली त्या उन्हाळ्यात मीही असाच शूमागून शू बदलत होतो. एका रविवारी सकाळी अंगणात बेल काढली. स्टीलच्या ताटलीत ठेवायला गेलो तर आतली बेअरिंग सुटी होऊन गोळ्या ताटलीत टण टण करत पडल्या, एक दोन घरंगळत नाल्यापर्यंत गेल्या. जळालेल्या शूचा वास येत होता, कन्नडच्या घाटातून उतरणाऱ्या ट्रकच्या ब्रेक लायनरचा यायचा तसा. क्रँकच्या टोकावर, जिथं बेअरिंगची आतली रिंग बसते, तिथं नखाला लागेल एवढी चरी पडली होती. वडील चहा पीत बघत होते. त्यांनी बेलकडं पाहिलंही नाही. गाडी उचलली, मागचं चाक बोटानं फिरवलं. चाक अर्धा फेरा जाऊन थांबलं. म्हणाले, "आधी हे मोकळं कर." ब्रेकची पट्टी डिस्कला धरून बसली होती. तेव्हापासून माझी सवय आहे: क्लचची तक्रार आली की सुरुवात चाकापासून.

तुम्हीही तिथूनच सुरू करा. इंजिन बंद, रेडिओ चालू, थ्रॉटलची ट्रिम अगदी मध्यावर. चारही चाकं जमिनीवरून उचला आणि स्पर गियर बोटानं फिरवा. बेलपासून पुढचा सगळा संच सैल, बिनआवाज फिरला पाहिजे. अडखळत असेल तर ब्रेकच्या दांड्यावरचा कॉलर मागं घ्या. न्यूट्रलला, म्हणजे ट्रिगर मोकळा असताना, ब्रेकच्या पट्ट्यांना डिस्क अजिबात लागता कामा नये, आणि ट्रिगर थोडासा पुढं ढकलल्यावर ब्रेक लागायला सुरुवात झाली पाहिजे. मग एअर फिल्टर काढून कार्ब्युरेटरच्या तोंडात बघा. न्यूट्रलला आतला स्लाईड (हवेची वाट उघडबंद करणारा सरकता तुकडा) एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी उघडा दिसला पाहिजे. तुमचा दोन-अडीच मिलिमीटर उघडा निघेल अशी माझी अटकळ आहे. तो आधी एकवर आणा.

आता आयडल खाली आला की इंजिन पुन्हा बंद पडेल. त्याचं उत्तर लो स्पीड निडल. पण त्याआधी हाय स्पीड निडल तुम्ही उघडलेल्या अर्ध्या फेऱ्यातली निम्मी परत आत घ्या आणि गाडी तापवा. तीन-चार मिनिटं पळवल्याशिवाय कुठलीच निडल लावायची नाही. वरची, म्हणजे हाय स्पीड, निडल बरोबर असली की पूर्ण थ्रॉटलला मागं पातळ निळसर धुराची रेघ दिसते आणि आवाज स्वच्छ चढतो. धूरच नाही आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी आवाज बसतो, तर लगेच उघडा. मग आयडलला गाडी उभी करा, टाकीतून कार्ब्युरेटरला येणारी नळी चिमटीत दाबून धरा. आरपीएम किंचित वाढून दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडलं तर खालची, म्हणजे लो स्पीड, निडल ठीक. दाबताच मेलं तर लीन. पाच-सहा सेकंद वाढतच राहिलं तर रिच. तुमचं तिसऱ्या प्रकारात जाईल, मग एक-एक तास आत घेत जा. शेवटी आयडलचा स्क्रू. क्रम बदलू नका, कारण खालची निडल बदलली की आयडल आपोआप बदलतो.

हे सगळं करूनही थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम वरच लोंबकळत राहून हळूहळू खाली येत असेल तर जादा हवा शिरतेय असं समजा. कार्ब्युरेटरच्या मानेचा ओ रिंग, मागच्या प्लेटची गॅस्केट, टाकीचं झाकण, सायलेन्सरकडून टाकीत दाब नेणारी नळी, या क्रमानं बघा. टाकीची परीक्षा सोपी आहे: गाडीतून काढून एक सोडून सगळी तोंडं बंद करा, पाण्याच्या बादलीत बुडवा, उरलेल्या नळीतून हळू फुंका. बुडबुडे आले की सापडलं. पुढच्या बेअरिंगमधून गळत असेल तर ते क्लचवरूनच कळतं. शूवर काळा, चिकट, लाखेसारखा थर बसलेला असतो, कारण इंजिनचं तेल थेट फ्लायव्हीलच्या मागं उडतं. तेल लागलेला शू सटकतो आणि जळतो. अशा वेळी नुसते शू बदलून काही होत नाही.

तापमान मोजायचा गन वापरत असाल तर एक काळजी घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर तो खोटं कमी दाखवतो. वरून, ग्लो प्लगच्या खड्ड्यात नेम धरून, दर वेळी तेवढ्याच अंतरावरून मोजा. गन नसेल तर पाण्याचा थेंब हेडवर टाका. चार-पाच सेकंदांत शांतपणे उकळून गेला तर चालेल. पडताच चर्र करून उडाला तर गाडी बाजूला घ्या.

आता क्लच उघडा, आणि उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, कारण शू कुठल्या दिशेनं बसलेत ते महत्त्वाचं आहे. शूचं मोकळं टोक फिरण्याच्या दिशेनं पुढं असेल तर तो बेलमध्ये स्वतःला आणखी रुतवतो, गाडी झटक्यानं निघते. मोकळं टोक मागं असेल तर पकड मऊ. उघड्या मातीवर, मुरमाच्या ट्रॅकवर, मला दुसरी मांडणी आवडते. तुमच्या संचाच्या कागदावर जशी दाखवली असेल तशीच आत्ता ठेवा, प्रयोग नंतर.

बेलच्या आतून नख फिरवा. पायरी किंवा चरी लागली, आणि बाहेरून निळी आहे, तर ती बेल टाकून द्या. ३०० अंश पाहिलेल्या पोलादाचा कडकपणा उतरलेला असू शकतो, दात लवकर झिजतील आणि झिजलेला पिनियन तुमचा स्पर गियर खाईल. नुसती पिवळसर झाली असेल आणि आतून गुळगुळीत असेल तर वापरा. शू ॲल्युमिनियमचे असतील आणि वर काचेसारखी चमक आली असेल तर एमरी पेपरवर हलकेच घासून चमक मोडा. कंपोझिटचे शू कडेनं खपले किंवा जळून काळे पडले की बदलायचेच. स्प्रिंगा मात्र तीनही नव्या घाला, मूळ जाडीच्याच. माझ्या पाहण्यात १.० मिलिमीटर तारेच्या स्प्रिंगा आपल्या वापराला बहुतेक वेळा पुरतात. १.१ ची टाकली की गाडी सरकायची थांबेल हे खरं, त्या दुसऱ्या मित्राचं तेवढं बरोबर आहे. पण क्लच उशिरा धरेल, आणि १५ दातांच्या बेलवर, ढेकळांत, तो तेवढा जास्त वेळ सटकत राहील. सरकणं लपेल आणि जळणं वाढेल.

बेअरिंग दोन्ही एकदम बदला, बहुतेक ३.५ सीसी गाड्यांना ५×१०×४ मापाच्या लागतात, पण जुनी मोजून घ्या. बोटावर ठेवून फिरवताना वाळूसारखं जाणवलं की ती मेली. आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, साध्या शील्डच्या आत जाते, म्हणून मी रबरी सील असलेल्या घेतो आणि दर दोन-अडीच लिटर इंधनानंतर दोन्ही बदलतोच, चांगल्या दिसल्या तरी. क्रँकच्या बेअरिंगच्या तुलनेत ही फार स्वस्त वस्तू आहे.

शिमकडं, म्हणजे बेलच्या बेअरिंगपाशी घालायच्या पातळ चकत्यांकडं, सगळ्यात कमी लोक लक्ष देतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्या बेअरिंग तिथंच जातात. बेल लावून स्क्रू घट्ट केल्यावर ती पुढं-मागं अगदी किंचित हलली पाहिजे, वर्तमानपत्राचे दोन-तीन कागद एकत्र धरले तर जेवढी जाडी होते तेवढी, म्हणजे ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. अजिबात हलत नसेल तर गरम झाल्यावर फुगून बेअरिंग आवळली जाईल. जास्त हलत असेल तर बेलची कड फ्लायव्हीलला घासेल. ०.१ च्या शिम घालून-काढून हे जमवा. त्याच वेळी फ्लायव्हील हातानं धरून वळवून बघा. कोलेट, म्हणजे फ्लायव्हीलला क्रँकवर आवळून धरणारा शंकू, सैल असेल तर फ्लायव्हीलच क्रँकवर सटकतं आणि आपण उगीच क्लचला दोष देत बसतो. शेवटी पिनियन आणि स्पर गियरच्या मधे वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिनचे स्क्रू आवळा. पट्टी घड्या पडून बाहेर आली, फाटली नाही, तर मेश, म्हणजे दोन गियरच्या दातांमधलं अंतर, बरोबर. मेश घट्ट असेल तर बेल एका बाजूला रेटली जाते आणि नवी बेअरिंगही दोन टाक्यांत कुरकुरते.

गाडी कुठं पळवायची याबद्दल एवढंच: नांगरलेलं रान सोडा. कडक मुरमाचा एखादा पट्टा, पीक निघाल्यावर दाबून टणक केलेलं खळं, यावर क्लच कितीतरी जास्त टिकतो. वाढलेल्या गवतात तर नकोच, गवत आसाला गुंडाळतं आणि भार कुठून येतोय ते कळतही नाही. दर वेळी घरी आल्यावर हेडच्या पात्यांमधली माती जुन्या टूथब्रशनं काढा. इंधनाचा ओशटपणा आणि काळी माती मिळून तिथं शेणकुटासारखा थर बसतो, तो असेपर्यंत हेडवर वारा लागला काय आणि न लागला काय. बॉडीला वर हेडपुरतं भोक असतंच, पण मागची काचही कापून काढा. हवा आत शिरते, तिला बाहेर जायला वाट हवी. फिल्टरचा फोम प्रत्येक वेळी धुऊन तेल लावून घाला, कोरडा फोम आपल्या धुळीत काहीच अडवत नाही.

इंधन कोणतं वापरता ते तुम्ही लिहिलं नाही. विमानाच्या मॉडेलसाठी मिळणारं इंधन वापरत असाल तर त्यात तेल बरंच जास्त असतं, निडल वेगळी लागेल, एवढं लक्षात ठेवा. घरी मिथेनॉल मिसळून इंधन बनवायच्या भानगडीत मात्र पडू नका. मिथेनॉल विष आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो, आणि ते दिसायला पाण्यासारखंच. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नका, घरात लहान मुलं असतात. डबा घट्ट बंद ठेवा, मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि पावसाळ्यात अर्धवट उरलेला डबा निडलीला जुमानत नाही. आणखी एक, मिथेनॉलची ज्वाळा दुपारच्या उन्हात डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. एप्रिलमध्ये बांधावरचं गवत कडकडीत वाळलेलं असतं, कडेला पऱ्हाटीचे ढीग असतात. पाण्याची बादली आणि ओलं पोतं बरोबर असल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

बाजारात सध्या दोनच गोष्टी घ्या: स्प्रिंगांचा एक संच आणि बेलच्या दोन बेअरिंग. शूचा चौथा सेट अजून मागवू नका, आधी तिसऱ्या सेटमध्ये काही दम उरलाय का ते बघा. रविवारी ऊन चढायच्या आत ट्रिम मध्यावर आणून, स्लाईड एक मिलिमीटरवर ठेवून एक टाकी पळवा. टाकी संपल्यावर लगेच चाक उचलून फिरवा, बेलपाशी हात नेऊन धग बघा, बेलला बोट लावू नका, आणि प्लगपाशी किती अंश दिसतात ते मला कळवा. आणि १३ दातांची जुनी बेल ठेवली असेल, आतून गुळगुळीत असेल, तर हे सगळं तिच्यावरच करा.